नव्वद दिवसांचा नियम

सिग्नल लाल झाला, टॅक्सीवाल्याने ब्रेक दाबला आणि गाडी काही थांबली नाही. म्हणजे थांबली, पण लगेच नाही. पहिल्या खेपेला त्याचा पाय सरळ तळाला गेला आणि पुढच्या मोटारसायकलचा मागचा दिवा काचेत भराभर मोठा होत आला. मग त्याने पाय उचलून पुन्हा दाबला, आणि त्या दिव्यापासून वीतभर अंतरावर गाडी गचका खाऊन उभी राहिली. मागे बसलेल्याच्या मांडीवरची बॅग पायाशी जाऊन पडली. टॅक्सीवाला आरशात बघून मिशी चाचपत होता.

"अहो, ब्रेक लागत नाही की काय?"

"लागतो की. दोनदा दाबायचा. पहिला देवाच्या नावाने, दुसरा आपल्या."

"मग किट बदलून घ्या ना."

"कुठलं किट घेऊन बसलात साहेब! कंपनीचा माल येतोय कुठे? दोन वर्षं दर महिन्याला विचारायला जायचो. काउंटरवरचा म्हणायचा, ऑर्डर टाकलीय. मग म्हणायचा, ती रद्द झाली, परत टाकलीय. मग जाणंच सोडलं. माणसाने तोंड तरी किती वेळा वेंगाडायचं? बाजारात मिळतं ते बसवतो, चार महिने चालतं, की पुन्हा आपलं दोनदा."

मागचा माणूस "अच्छा" म्हणाला आणि बॅग उचलायला वाकला. त्याच गाडीच्या कंपनीत तो सव्वीस वर्षं नोकरीला होता, आणि ही गोष्ट त्याने टॅक्सीवाल्याला सांगितली नाही. कोण सांगेल? त्याची स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला गेलेली म्हणून आज टॅक्सी, नाहीतर या चौकोनी डबड्यात बसायचा प्रसंग त्याच्यावर कित्येक वर्षांत आला नव्हता. कंपनीने हे मॉडेल बनवणं नऊ वर्षांपूर्वी बंद केलं होतं. डॅशबोर्डला उजव्या कोपऱ्यात तडा होता, तो या सगळ्याच गाड्यांना तिथेच जातो हे त्याला माहीत होतं. ब्रेकच्या पंपातल्या त्या किटचा, म्हणजे चार रबरी कड्या आणि एका स्प्रिंगच्या त्या मूठभर पुडीचा, दहा आकडी नंबरही त्याला तोंडपाठ होता. कारण सुटे भाग किती बनवायचे, किती साठवायचे आणि कधी कायमचे बंद करायचे हे ठरवणाऱ्या खात्याचा तो प्रमुख होता, आणि नेमक्या त्याच किटचा कागद या क्षणी त्याच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. साचा मोडण्यास हरकत नाही, असा कागद. आज पाच वाजेपर्यंत सही झाली की कड्या ओतायचा साचा कापून टाकायचा, आणि मग ते किट जगात कुणालाच बनवता येणार नव्हतं. निदान मूळ मापाचं तरी नाही.

हे काही जगावेगळं नव्हतं. वर्षाला पाचशेच्या खाली मागणी आली की तो भाग मेला असं धरायचं, एक शेवटची खरेदी करून ठेवायची, साचा मोडायचा आणि जागा रिकामी करायची, असा कंपनीचा नियम होता आणि तो त्यानेच घालून दिला होता. सात वर्षांत असे चारशे बारा भाग त्याने बंद केले होते. गोदामाची अडीच मजली मांडणी उपसून तिथे आता नव्या गाड्यांचा माल चढत होता. पडीक मालाचा आकडा त्याने दरसाल खाली आणत आणत शून्यावर नेला तेव्हा कंपनीने त्याला काचेचं एक स्मृतिचिन्ह दिलं, आणि ऑफिसने त्याचं नाव शून्यसाहेब ठेवलं. समोर कुणी म्हणायचं नाही, पण त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. किटची गेल्या वर्षीची मागणी होती दोनशे बारा. सही करायला अर्धं मिनिटसुद्धा नको. पण टॅक्सीतून उतरून फाटकातून आत जाताना, ओळखपत्र मशीनला लावताना, जिन्यावर समोरून येणाऱ्याला मान हलवताना त्याच्या कानात एकच वाक्य अडकून बसलं होतं, दातात तूस अडकावं तसं. मग जाणंच सोडलं.

जाणं सोडलं तर तो माणूस मोजला कुठे गेला असेल? प्रश्न तसा फालतू होता. खुर्चीत बसल्यावर त्याने तो झटकून टाकायचा प्रयत्न केला, चहा मागवला, दोन फोन घेतले. साचेवाल्याचा तिसरा. ज्याच्या छोट्या कारखान्यात त्या रबरी कड्या बनायच्या तो हा साचेवाला, बोलायला मोकळा माणूस. "साहेब, कटर भाड्याने आणून ठेवलाय, संध्याकाळी परत द्यायचाय. कागद येतोय ना?" येतोय, तो म्हणाला. "येऊ द्या. जागा अडलीय नुसती. वर्षाला दोन दिवस चालतो हा साचा. एके काळी तीन पाळ्या चालायचा, माणसं पण तेवढी होती. आता काय, मी आणि एक म्हातारा." आणि हसला. वर्षाला दोन दिवस. तीन पाळ्या. अडतीस हजार गाड्या अजून रस्त्यावर होत्या, हा आकडा त्याला विमा कंपन्यांच्या एका रिपोर्टातून आठवत होता. कडी रबराची, रबर तीन वर्षांत दमतं. अडतीस हजार भागिले तीन. त्याने पाकिटाच्या पाठीवर भागाकार मांडला आणि उत्तर समोर असूनही दोनदा परत केला, पोराने गणित चुकलं म्हणून पुसून पुन्हा करावं तसा. साडेबारा हजार. वर्षाला साडेबारा हजार किटं लागायला हवीत आणि लागतायत दोनशे बारा. मग बाकीचे काय, ब्रेक न लावता फिरतात?

त्याने कॉम्प्युटरवालीला बोलावलं. पोरगी चोवीस-पंचवीसची, चुणचुणीत, नोकरीला लागून वर्ष झालेलं. विक्रेत्यांच्या रद्द झालेल्या ऑर्डरी कुठे बघायला मिळतात, त्याने विचारलं. ती म्हणाली, "रद्द कुणी केलेल्या? विक्रेत्यांनी का सिस्टिमने?" सिस्टिम कशाला रद्द करेल? "नव्वद दिवसांचा नियम आहे ना साहेब. नव्वद दिवसांत माल गेला नाही तर ऑर्डर आपोआप बंद होते. फार जुना नियम आहे, कुणी केलाय काय माहीत." त्याने चहाचा कप बाजूला सारला. कुणी केलाय ते त्याला आत्ता, तिच्या तोंडून ऐकल्यावर, लख्ख आठवलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये थकलेल्या ऑर्डरींची यादी एकोणीस पानी निघायची आणि प्रत्येक सोमवारी सगळ्यांसमोर त्याची बिनपाण्याने व्हायची. एकदा वैतागून त्यानेच सुचवलं, नव्वद दिवस झाले की ऑर्डर मिटवून टाकू, ज्याला खरंच हवं असेल तो पुन्हा टाकेल. पुढच्या महिन्यात यादी दीड पानावर आली. लोकांनी पाठ थोपटली. आणि त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने, मागणी कशी मोजायची हे ठरवायची वेळ आली तेव्हा, त्यानेच ठरवलं की गोदामातून प्रत्यक्ष गेलेला माल म्हणजे मागणी. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या बघितल्या तर दुधासारख्या स्वच्छ होत्या. दोन्ही त्याच्याच हातच्या होत्या, आणि एवढ्या वर्षांत त्या दोघींना एकमेकींशेजारी ठेवून बघायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

माल कमी ठेवला म्हणून माल कमी गेला. कमी गेला म्हणून मागणी कमी दिसली. मागणी कमी दिसली म्हणून पुढच्या वर्षी आणखी कमी ठेवला. आपण लोकांची गरज मोजतच नव्हतो, आपलाच नकार मोजत होतो. पोरीने तेवढ्यात पडद्यावर बंद झालेल्या ऑर्डरींचे वर्षवार आकडे काढले होते. पहिल्या वर्षी सहा हजार एकशे चाळीस. मग चार हजार तीनशे. एकोणीसशे. सातशे. दोनशे साठ. गेल्या वर्षी एकतीस. "हळूहळू कमीच होत गेलंय की," ती म्हणाली, "म्हणजे चांगलंच ना साहेब?" तिने अगदी मनापासून विचारलं. त्या उतरत्या आकड्यांत त्याला माणसं उतरताना दिसत होती, काउंटरवरून परत फिरणारी, आधी चिडून, मग मान हलवत, मग न येणारी. शेवटच्या एकतीस जणांचं त्याला विशेष वाटलं. कुठली चिवट माणसं असतील? तो म्हणाला, "हो. छापून दे एक."

लहानपणी त्याला कंपासपेटी हवी होती. नवी, पत्र्याची, आतल्या वस्तू खणाखणांत बसवलेली. वडील पेपर वाचत होते. "बाबा, कंपासपेटी." "बघू." आठ दिवसांनी पुन्हा, "बघू." तिसऱ्यांदा मागितली तेव्हा पेपर खालीही झाला नाही. वडील वाईट नव्हते, मारकुटे नव्हते, पिणारे नव्हते. नुसते 'बघू' होते. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, आई गेल्यावर तिनेच त्याचं सगळं केलेलं. ताईने त्याला शिकवलं की बाबांकडे तिसऱ्यांदा मागायचं नाही, उगाच आपल्यालाच लाज वाटते. मग ती त्याला कर्कटक कुणा मैत्रिणीकडून आणून द्यायची, कोनमापक पुठ्ठ्याचा कापून द्यायची. आणि एका रविवारी वडिलांचे कोणी मित्र आले होते, त्यांना वडील अभिमानाने म्हणाले, "आमच्या पोरांचं एक बरं आहे. हट्ट म्हणून नाही. काही लागतच नाही त्यांना." दाराआड दोघं उभी होती. ताईने त्याच्याकडे बघितलं, त्याने ताईकडे. बोलणं काहीच झालं नाही, पण ती नजर त्या घरात त्या दोघांची होती, एका बाजूला वडील आणि एका बाजूला ती नजर. मोठा होऊन आपण काहीही होऊ पण 'बघू' होणार नाही, असं त्याने तेव्हा ठरवलं होतं. म्हणून तर तो 'बघतो' म्हणायचा.

आणि इथे त्याला आठवलं. ताईकडे तीच गाडी होती. त्यानेच घेऊन दिलेली, कर्मचाऱ्यांच्या सवलतीत, चौदा वर्षांपूर्वी, भावोजी असताना. आता ती भाची चालवायची, लॅबच्या नोकरीसाठी, घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायला. ताईचा फोन आला होता. केव्हा? चार वर्षं तरी झाली. "अरे, तो मेकॅनिक म्हणतोय ब्रेकचं काही सामान मिळत नाही. तुझ्याच कंपनीचं ना?" तो जेवत होता. बघतो, म्हणाला. मग एकदा कुणाला तरी भेटायला तो हॉस्पिटलमध्ये गेला होता, ताई तेव्हा तिथे नर्स होती, व्हरांड्यात ती घाईत होती, हातात ट्रे, तरी थांबून म्हणाली, "ते जरा बघ ना ब्रेकचं." तिसऱ्या वेळी फोनवर ती निवृत्तीच्या समारंभाबद्दल, गुडघ्याबद्दल, शेजारणीबद्दल बरंच बोलत राहिली आणि अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता, "आणि ते..." म्हणाली. "हो हो, बघतो ताई." चौथ्यांदा तिने विचारलं नाही. तो धरून चालला की झालं असेल काम. तिचं बरं चाललंय, कुरकुर नसते कधी, असं तो बायकोला कौतुकाने सांगायचाही. तिसऱ्यांदासुद्धा तिने कसं मागितलं असेल, जिने स्वतःच शिकवलं होतं की तिसऱ्यांदा मागायचं नाही! छापलेला कागद हातात होता, त्याच्या घडीवर अंगठ्याचा ओला ठसा उमटला होता.

साडेतीनला तो कागद घेऊन मोठ्या साहेबांकडे गेला. मोठे साहेब आठ महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते. गुडघ्यांना पट्टे बांधून, बूट काढून, टेबलाखाली पाय लांब करून बसायचे. स्वभावाने गोड माणूस. त्यांनी आकडे नीट बघितले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितले. समजायला त्यांना मुळीच वेळ लागला नाही, तेही याच खात्यातून वर गेले होते. "बंद कर ते दार," ते म्हणाले. त्याने लावलं.

"मग? काय म्हणणं तुझं?"

"साचा मोडू नये. मागणी आहे. आपण मोजली नाही."

"बरं. नाही मोडला. मग वर विचारतील, सात वर्षं मागणी घसरतेय असं दाखवत होतात, आज साडेबारा हजार कुठून उगवले? काय सांगशील?"

"जे झालं ते."

"जे झालं ते." मोठे साहेब हसले, वाईट नव्हे, दमलेलं. "आणि मग ते विचारतील, हेच गणित आणखी कुठे कुठे लावलंत? किती भाग मोडलेत तू?"

"चारशे बारा."

"त्यांतले ब्रेकचे किती, स्टीअरिंगचे किती, माहीत आहे तुला?"

माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, यादी पाठ होती, पण तशी मोजली नव्हती.

"अरे, झाकली मूठ सव्वा लाखाची. ते साचे आता भंगारात वितळून गेले, परत येणार आहेत का? आणि हे बघ," त्यांनी शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं, "एकतीस. आता तर मागतच नाहीये कोणी. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, आपण तर कंपनी आहोत. मी तुला सही कर म्हणत नाही. करू नको असंही म्हणत नाही. तुझा कागद, तुझी सही. फक्त एवढंच, की हे जे छापून आणलंयस ना, ते फाड. दोन मुली आहेत तुला."

एकच मुलगी होती त्याला. पण ते दुरुस्त करायची ती वेळ नव्हती. कागद तिथे फाडला नाही, तेवढा बाणा त्याने दाखवला, चौघडी घालून खिशात ठेवला. परत येताना लांबलचक व्हरांड्यात तो खिडकीपाशी थांबला. खाली ट्रक लागले होते, एकामागे एक, वेळ ठरवून दिलेले. अकरा वाजून वीस मिनिटांचा माल अकरा वाजून वीस मिनिटांनीच यायचा, आधी आला तर फाटकाबाहेर उभा, उशिरा आला तर दंड. किती वर्षं घातली त्याने हे बसवायला! ताई एकदा सांगत होती, ती लहान मुलांच्या वॉर्डात होती तेव्हाची गोष्ट. एक बाळ कुणीतरी सोडून गेलेलं. पहिले दिवस रडून रडून वॉर्ड डोक्यावर घ्यायचं. माणसं कमी, उचलायला कुणाला सवड नसायची. मग एके दिवशी रडायचं थांबलं. नुसतं छताकडे बघत पडून राहायचं. नवीन आलेली नर्स म्हणाली, किती गुणी बाळ आहे नाही! ताई हे सांगताना कपडे वाळत घालत होती, तिने एक चादर झटकली आणि म्हणाली, "इतकी कानफटात मारावीशी वाटली मला तिच्या." तेव्हा तो हसला होता. पुढे त्या बाळाचं काय झालं हे त्याने विचारलं नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नाही.

पाचला दहा कमी असताना साचेवाल्याचा पुन्हा फोन आला. "साहेब, कटरवाला निघाला म्हणतोय. काय करू?" एवढंच. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. त्याने कागद पुढे ओढला. शेवटच्या खरेदीच्या चौकटीत सहाशे चाळीस लिहिलं होतं. त्याने पेनचं टोपण काढलं. मुलीचं शिक्षण अजून तीन वर्षांचं होतं, बायकोचं ते ऑपरेशन, काचेचं स्मृतिचिन्ह समोर, त्याच्यावर धूळ, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि त्यातलं एकही खरं कारण नव्हतं. खरं कारण एवढंच होतं की भीती वाटत होती, लहानपणी पाहुण्यांसमोर शर्ट फाटलेला दिसेल म्हणून वाटायची तशी. मग त्याने सहाशे चाळीस खोडलं आणि वर सातशे लिहिलं. साठ जास्त, साचेवाल्याकडे तयार पडलेल्या मालातून. का साठ, ते त्याला सांगता आलं नसतं. रबर कपाटात पडूनसुद्धा चार-पाच वर्षांत कडक होतं, म्हणजे ते सातशेही शेवटी रबराचे खडेच होणार, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण सातशे लिहिताना छातीवरचं ओझं चक्क थोडं उतरलं, आणि ते उतरल्याची त्याला इतकी शरम वाटली की सही करताना शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं. मग त्याने साचेवाल्याला कळवलं, मोडा.

घरी न जाता तो ताईकडे गेला. निघताना खणातून किटचा नमुना काढून घेतला होता. प्रत्येक भागाचा एक पहिला नमुना प्लास्टिकच्या पुडीत सील करून ठेवायची पद्धत होती, त्यावर त्याचीच सही, पंधरा वर्षांपूर्वीची, जरा जास्त झोकदार. हा तरी भाचीला देऊ, आजच बसवून घेऊ, असं मनाशी घोकत तो बसच्या खिडकीशी बसला आणि दोन थांबे गेल्यावर राहवेना म्हणून पुडी फोडली. कडी काळीभोर, नवीकोरी दिसत होती. चिमटीत धरून किंचित वाकवली तशी टचकन मोडली. दुसरीही मोडली. तिसरी त्याने मोडून बघितली नाही. शेजारच्या बाईने मांडीवर पडलेला तुकडा उचलून दिला, "तुमचं काही पडलं."

ताईच्या फाटकाशी पत्र्याखाली गाडी उभी होती, तोच चौकोनी डबा, उजव्या कोपऱ्यात तोच तडा. भाची नुकतीच आली होती, नमुन्यांची निळी पेटी डिकीतून काढत होती. "अय्या मामा! आज वाट चुकलात की काय?" तो गाडीचं दार उघडून आत बसला आणि ब्रेकवर पाय ठेवला. पाय गेला. सरळ तळापर्यंत, काही न लागता. त्याने उचलून पुन्हा दाबला, तेव्हा कुठे खाली काहीतरी भेटलं.

"कधीपासून?"

"काय? ब्रेक होय? दोनदा दाबायचा हो, सवय झालीय आता पायाला. परवा मैत्रिणीची नवी गाडी चालवली तर तिथेपण दोनदाच दाबला. सगळ्यांची डोकी आपटली समोर!" आणि ती खळखळून हसली.

ताई दारात आली होती, एका हाताने चौकट धरून. गुडघा फारच सुजलेला दिसत होता. "ताई, ब्रेकचं मला पुन्हा सांगायचं नाहीस?" तो म्हणाला, आणि आवाज त्याला वाटला त्यापेक्षा चढला. ताईला क्षणभर कळलंच नाही. मग आठवल्यासारखं करून म्हणाली, "सांगितलं होतं वाटतं मी. असू दे रे. तुझ्यामागे काय थोडे व्याप आहेत? अडलं नाही आमचं काही. आम्हाला लागतंय तरी काय?" ती चिडली असती, तोडून बोलली असती तर बरं झालं असतं. पण ती खरोखरच त्याला सांभाळून घेत होती, पुठ्ठ्याचा कोनमापक कापून देताना घ्यायची तशी. खिशात फोन थरथरला. साचा मोडल्याचा फोटो पाठवायचा नियम होता, तोही त्याचाच. सिमेंटच्या फरशीवर चार तुकडे, कापलेल्या जागी पोलाद चांदीसारखं चमकत होतं, आणि फोटोच्या कडेला कुणाची तरी चप्पल आली होती. खाली लिहिलं होतं, काम झालं साहेब.

भाचीचाही फोन वाजला. कुठेतरी तातडीचा नमुना घ्यायचा होता, शहराच्या पलीकडच्या टोकाला. तिने पेटी परत डिकीत टाकली. तो गाडीतून उतरला आणि किल्ली मात्र काढून मुठीत धरली.

"ही गाडी चालवायची नाही."

"मग कशाने जाऊ मामा? तिकडे माणूस सलाईनवर पडलाय."

"मी बघतो," तो म्हणाला.

शब्द आपोआप आला, जिभेवर ठेवलेलाच असावा तसा. भाचीने ताईकडे बघितलं आणि ताईने भाचीकडे. अर्धा क्षण. रागाचं त्यात काही नव्हतं, उपहासही नव्हता. पण ती नजर तो ओळखत होता, तिच्यातला अर्धा वाटा एके काळी त्याचा होता, आणि आता तो तिच्या दुसऱ्या बाजूला, वडिलांसारखा पेपर धरून उभा होता. भाचीने त्याची मूठ अगदी हळूच, लहान मुलाची उलगडावी तशी उलगडली, किल्ली घेतली आणि म्हणाली, "हो मामा. बघा तुम्ही." गाडी मागे घेतली, हात हलवला. आपली गाडी उद्या सर्व्हिसिंगहून येतेय, ती हिला देऊन टाकता आली असती, आज टॅक्सी करून देता आली असती, हे त्याला सुचलं तेव्हा ती गल्लीच्या निम्म्यावर पोहोचली होती. हाक मारली तर ऐकू गेली असती. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. गल्लीच्या तोंडाशी गाडीचे मागचे लाल दिवे लागले, विझले, आणि पुन्हा लागले. मग गाडी वळली.

"आत ये ना, चहा टाकते," ताई म्हणाली. तो तिथेच उभा होता. कोपऱ्याच्या पलीकडे उतार होता आणि उताराखाली मोठा चौक.